मार्शल दिसतो कसा?

विल्यम कॉनराडला मी पहिलं दीड वर्ष फक्त ऐकत होतो. रात्रीची जेवणं उरकली की दिवा मालवायचा, इअरफोन लावायचे आणि कॅन्ससमधल्या डॉज सिटीत जाऊन बसायचं, असा तेव्हा नेमच झाला होता. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर १९५२ ते १९६१ या काळात 'गनस्मोक' ही मालिका चालली. तिचे जवळपास ४८० भाग झाले आणि त्यांतले बहुतेक आजही ऐकायला मिळतात. मार्शल मॅट डिलन हा तिचा नायक आणि कॉनराड हा त्या डिलनचा आवाज. खर्जातला, थोडा दमलेला, चढण्याऐवजी रागात आणखी खाली उतरणारा.

माझा डिलन उंच होता. काटक, उन्हाने रापलेला. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याला एक फौजदार होते; बोलायचे कमी, पण ते चौकात नुसते उभे राहिले तरी बाजार शांत व्हायचा. बहुधा त्यांच्याच अंगावर मी कॉनराडचा आवाज चढवला होता. मग एके दिवशी कॉनराडचा फोटो पाहण्यात आला. उंची बेताची, देह ऐसपैस, केस विरळ, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. मी चक्क खट्टू झालो. फोटो मिटवला आणि पुढचा भाग लावला. पण त्या रात्री फौजदार काही आले नाहीत.

हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे सीबीएसच्या अधिकाऱ्यांना चार शब्द सुनावण्याची पाळी येणार आहे, आणि त्यांनी १९५५ साली जे केलं तेच मी माझ्या खोलीत, कोणी बघत नसताना केलं होतं.

रेडिओवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना यात नवल वाटू नये. आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी महाराष्ट्रातल्या घराघरांत येऊन बसायचे, आणि प्रत्येक घरात त्यांचे चेहरे वेगळे असायचे. मीनावहिनी नऊवारीत असतील की पाचवारीत, यावर आमच्या घरी एकमत नव्हतं. आई आणि आत्या या प्रश्नावर शेवटपर्यंत आपापल्या मतावर ठाम राहिल्या. श्रोता आवाज फुकट घेतो, पण त्याला देह स्वतःच्या पदरचा देतो, आणि मग त्या देहावर हक्क सांगतो. रेडिओच्या नटाचं यश आणि त्याची पुढची सगळी पंचाईत या हक्कातच आहे. कॉनराडवरचं हे पुस्तक लिहायला घेतलं ते त्या पंचाइतीपायी. ती फार थोड्या नटांच्या वाट्याला इतक्या उघडपणे आली, आणि फार थोड्यांनी ती इतका काळ अंगावर वागवली.

कॉनराड १९२० साली केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावी जन्मला. मूळ नाव जॉन विल्यम कॅन. आईवडिलांचं सिनेमाचं थिएटर होतं. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं, फुलर्टनच्या कॉलेजात त्याने नाटक आणि साहित्य शिकून घेतलं आणि लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्रावर निवेदक म्हणून चिकटला. महायुद्धात लढाऊ वैमानिक म्हणून भरती झाला खरा, पण अखेर सैन्याच्याच रेडिओत कार्यक्रम करू लागला. या भागावर मी पुस्तकातही फार रेंगाळलेलो नाही. त्याचा खरा जन्म युद्धानंतरचा, हॉलिवूडच्या स्टुडिओंमधल्या मायक्रोफोनसमोरचा.

तो बाजार कसा चालायचा हे समजून घेतल्याशिवाय कॉनराड कळत नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतला रेडिओ म्हणजे आपल्याकडे कंपनी नाटकांच्या भरात होती तशी एक गडबड होती. रोज संध्याकाळी डझनावारी नाटकं प्रसारित व्हायची. रहस्यकथा, भयकथा, विनोदी मालिका, साबणाच्या जाहिरातींवर पोसलेल्या कौटुंबिक कथा. बरीचशी थेट. देशाच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचं अंतर, म्हणून कित्येक कार्यक्रम एकाच संध्याकाळी दोनदा करावे लागत, आधी पूर्वेसाठी आणि नंतर पुन्हा पश्चिमेसाठी. पाठांतराची गरज नव्हती, कागद हातात असायचे. त्यामुळे एखादा तयार नट दुपारी एका स्टुडिओत खुनी व्हायचा, संध्याकाळी दुसऱ्या स्टुडिओत न्यायाधीश, आणि मधल्या वेळेत कुठेतरी बारमालक म्हणून दोन वाक्यं टाकून यायचा. पान उलटताना आवाज होऊ नये, कुजबुजताना माइकच्या जवळ सरकावं, ओरडताना पाऊलभर मागे जावं, एवढी शिस्त अंगात मुरली की वेष, रंगभूषा, वय, उंची, कशाचाच अडसर नाही.

कॉनराड या गर्दीतला सर्वांत मागणी असलेल्या आवाजांपैकी एक. आपण रेडिओवर साडेसात हजारांवर भूमिका केल्या असा त्याचा स्वतःचा अंदाज होता. नटाच्या आकड्यांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. पण यातून निम्म्या वजा केल्या तरी उरणारा आकडा थकवणारा आहे. 'एस्केप' या साहसकथांच्या मालिकेची सुरुवातीची निवेदनं तो आणि पॉल फ्रीस आळीपाळीने करायचे. श्रोत्याला रोजच्या रहाटगाडग्यातून उचलून थेट वाळवंटात नाहीतर बुडत्या जहाजावर नेऊन टाकायचं, हे काम त्या दोन आवाजांचं. हे दोघे पुढे पुन्हा भेटणार आहेत, अगदी वेगळ्या ठिकाणी.

गंमत अशी की डिलनची भूमिका कॉनराडला मिळता मिळता राहत होती, आणि तिथे त्याच्या आड त्याचा आवाजच येत होता. 'गनस्मोक'ची जुळवाजुळव १९४९ सालीच सुरू झाली होती. तेव्हा नायकाचं नाव मार्क डिलन होतं आणि चाचणीच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. हॉवर्ड कल्व्हर हा नट पसंतही पडला होता. पण दुसऱ्या एका वेस्टर्न मालिकेच्या कराराने तो बांधलेला, म्हणून सगळं बारगळलं. १९५२ साली निर्माता-दिग्दर्शक नॉर्मन मॅकडॉनल आणि लेखक जॉन मेस्टन यांनी ती नव्याने उभी केली, तेव्हा कॉनराडच्या नावाला सीबीएसचा विरोध होता. कारण काय, तर हा आवाज सगळीकडे ऐकू येतो, लोकांचे कान त्याला सरावलेत, मार्शल म्हणून तो नवा वाटणार नाही. मॅकडॉनलने तरीही त्याला वाचायला बोलावलं. कॉनराडने वाचलं, आणि मग दुसरा डिलन कोणाला सुचेना.

'गनस्मोक' ऐकताना पहिल्यांदा लक्षात येते ती शांतता. तोवरच्या रेडिओवरच्या काउबॉय कथा मुलांसाठी असायच्या. घोडे उधळायचे, पिस्तुलं कडाडायची, शेवटी दुष्ट पकडला जायचा. मेस्टनच्या डॉज सिटीत माणसं थकलेली असतात. नवऱ्याचा मार खाणारी बाई साक्ष द्यायला तयार होत नाही. चोराला पकडायला गेलेला डिलन पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. मालिकेच्या सुरुवातीच्या निवेदनात डिलन स्वतःच्या धंद्याचं वर्णन करतो तेही असंच, बढाई नसलेलं. हे काम माणसाला सावध करतं आणि जरा एकटं पाडतं, असा त्याचा सूर.

ध्वनिपरिणाम करणारे टॉम हॅनली, रे केंपर आणि बिल जेम्स यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. लाकडी फळ्यांच्या पदपथावर डिलनचे बूट वाजतात, मग पायरी, मग धूळ. आणि प्रत्येक ठिकाणी पावलाचा आवाज बदलतो. लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं. बुटांच्या टाचांवरच्या आऱ्यांचा खुळखुळाट थांबला, तर मार्शल थांबलाय हे न सांगता कळतं. एरवी रेडिओला शांततेची धास्ती असते; दोन सेकंद काही ऐकू आलं नाही तर श्रोता दुसरं केंद्र लावेल, ही भीती. इथे डिलन दारापर्यंत चालत जातो आणि आपण ती पंधरा पावलं पूर्ण ऐकतो.

कॉनराडने या शांततेचा नेमका उपयोग करून घेतला. त्याच्याकडे भरघोस आवाज होता. बहुतेक भरघोस आवाजाचे नट तो वापरल्याशिवाय राहत नाहीत. आपल्याकडचे काही नामवंत निवेदक आठवून पाहा. कॉनराडने डिलनसाठी आवाज मागे खेचला. वाक्याचा शेवट तो जवळजवळ सोडून देतो. मित्राचा मृतदेह पाहिल्यावर त्याच्या तोंडी दोन-चार साधे शब्द असतात आणि ते तो बाजारभाव सांगावा तसे सांगतो. त्याआधीच्या श्वासात मात्र सगळं असतं. माझ्या मते हे त्याचं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. पुढे त्याला पैसा मिळाला, चेहऱ्याला ओळख मिळाली, पुरस्कारांची नामांकनं मिळाली. पण त्या श्वासाच्या उंचीला तो पुन्हा पोहोचला असं मला वाटत नाही. या मताशी भांडणारे वाचक भेटतील. पुस्तकात त्यांच्यासाठी पुरेसा दारूगोळा ठेवला आहे.

सोबतचे नटही तोलामोलाचे. मदतनीस चेस्टर म्हणजे पार्ली बेअर, डॉक्टर म्हणजे हॉवर्ड मॅकनिअर, गुत्त्यावरची किटी म्हणजे जॉर्जिया एलिस. मॅकनिअरचा डॉक्टर सुरुवातीला जरा भेसूरच आहे. प्रेत आलं की त्याला फीचा वास येतो. चौघांची भट्टी अशी जमली होती की काही भागांत कथानक नावालाच असतं, चौघं बसून बोलतात आणि आपण ऐकत राहतो.

१९५५ साली मालिका टेलिव्हिजनवर न्यायचं ठरलं. रेडिओच्या मंडळींची चाचणी झाली; ती उपचार होती हे त्यांनाही कळत असावं. १० सप्टेंबर १९५५ला पहिला भाग दिसला तेव्हा चौघांच्या जागी चौघं नवे होते: जेम्स आर्नेस, डेनिस वीव्हर, मिल्बर्न स्टोन आणि अमांडा ब्लेक. पहिल्या भागाआधी साक्षात जॉन वेन पडद्यावर आला आणि त्याने आर्नेसची ओळख करून दिली. आर्नेसची उंची सहा फूट सात इंच. त्याच्या नावावर तोवर जे ठळक काम होतं ते म्हणजे १९५१च्या 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' या चित्रपटातला परग्रहावरचा प्राणी. त्याला एकही संवाद नाही, नुसती धिप्पाड आकृती. म्हणजे ज्याचा फक्त आवाज देशाला ठाऊक होता त्याची जागा, ज्याचा फक्त देह दिसला होता अशा माणसाला मिळाली. हे कोणा लेखकाने रचलं असतं तर मी ते खोडायला सांगितलं असतं.

आर्नेसवर राग धरण्यात अर्थ नाही. तो भला नट होता आणि वीस वर्षं, ६३५ भाग, त्याने डिलन उभा केला. इटलीत अँझिओच्या लढाईत त्याच्या पायाला गोळ्या लागल्या होत्या आणि तो पाय त्याला जन्मभर छळत राहिला. पडद्यावर वीव्हरचा चेस्टर लंगडतो ते नाटक. मार्शलचं दुखणं खरं, आणि ते लपवायचं. शरीर निवडून घेतलेल्या नटालाही शरीर सुखाने जगू देत नाही.

सीबीएसचं चुकलं का? हिशेबाने पाहिलं तर अजिबात नाही. वीस वर्षं हे सगळ्यांत मोठं उत्तर आहे. मला खटकतं ते वेगळं. पहिल्या काळातल्या टेलिव्हिजनच्या बऱ्याच कथा मेस्टनच्या रेडिओ संहितांवरून घेतल्या होत्या. डिलनचा स्वभाव, त्याचं थांबणं, त्याचं कमी बोलणं हे सगळं तीन वर्षं मायक्रोफोनसमोर घडलेलं. ते उचलून घेतलं आणि ज्याच्या घशातून ते घडलं त्याला बाहेर ठेवलं. घडवलेल्या पात्रावर नटाचा काही हक्क असतो का? करारात तरी तो नव्हता.

इथेच इतरांकडे पाहायला हवं. रेडिओवरून टेलिव्हिजनवर गेलेले सगळेच हरले असं नव्हे. जॅक वेबने 'ड्रॅगनेट' १९४९ साली रेडिओवर सुरू केली आणि दोन वर्षांत तो स्वतःच तिच्यासह टेलिव्हिजनवर गेला. मालिकाच त्याची होती, त्याला काढणार कोण? ल्युसिल बॉल रेडिओवर एका विनोदी मालिकेत बायको व्हायची. टेलिव्हिजनचं बोलावणं आलं तेव्हा नवऱ्याच्या भूमिकेत माझा खरा नवराच हवा म्हणून अडून बसली आणि 'आय लव्ह ल्युसी' जन्मली. ईव्ह आर्डनची शिक्षिका मिस ब्रूक्स रेडिओवरून जशीच्या तशी पडद्यावर आली. ज्यांचं कार्यक्रमावर वजन होतं ती माणसं गेली. ज्यांचं वजन फक्त अंगावर होतं ती राहिली. (कोटी वाईट आहे, पण कॉनराडला चालली असती. असल्या कोट्यांवर त्याने पुढे रीतसर पैसे मिळवले.)

आणि ॲग्नेस मूरहेड. ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी मंडळीतली ही नटी 'सिटिझन केन'मधून सिनेमात आली होती. तरीही १९४३ साली 'सस्पेन्स' मालिकेत तिने एकटीने पेललेलं 'सॉरी, राँग नंबर' हे नाटक लोकांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. अंथरुणाला खिळलेली बाई, टेलिफोन, आणि चुकून ऐकू आलेला खुनाचा बेत. १९४८ साली त्याचा चित्रपट झाला तेव्हा ती भूमिका बार्बरा स्टॅनविककडे गेली आणि ऑस्करचं नामांकनही तिलाच. त्या चित्रपटात एका गुन्हेगाराच्या छोट्या भूमिकेत कोण आहे? विल्यम कॉनराड. म्हणजे रेडिओने घडवलेलं पात्र सिनेमा कसा उचलतो हे सात वर्षं आधी तो सेटवर उभा राहून पाहत होता.

एवढ्यावर भागलं नाही. १९४८च्या जानेवारीत 'एस्केप'वर त्याने लायनिंगन केला होता. ब्राझीलमधल्या मळ्याचा मालक, मैलोगणती पसरून चालून येणाऱ्या मुंग्यांशी झुंजणारा. आजही कोणाला जुना रेडिओ पहिल्यांदा ऐकवायचा असेल तर मी हाच भाग देतो. त्या कथेवरून १९५४ साली 'द नेकेड जंगल' निघाला. लायनिंगन झाला चार्लटन हेस्टन. कॉनराडही आहे त्यात. मुंग्या येताहेत असं सांगत फिरणारा सरकारी कमिशनर. पुढच्याच वर्षी 'गनस्मोक'च्या बाबतीत जे व्हायचं होतं त्याची ही रंगीत तालीमच म्हणायची.

सिनेमाने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलं होतं असं मात्र नाही. १९४६चा 'द किलर्स' हेमिंग्वेच्या कथेवरचा. रॉबर्ट सिओडमाक दिग्दर्शक, बर्ट लँकेस्टरचा पहिलाच चित्रपट. सुरुवातीलाच दोन मारेकरी एका छोट्या खाणावळीत शिरतात. त्यांतला एक कॉनराड. तो काउंटरशी बसतो आणि जेवणाच्या यादीबद्दल बोलत राहतो. आवाज चढत नाही, आणि मालकाच्या कपाळावर घाम येतो. दहा-बारा मिनिटांत खेळ आटोपतो आणि कॉनराड जवळजवळ दिसेनासा होतो. पण त्या जाड, गळपट्ट्यात मावत नसलेल्या मानेचा उपयोग पडद्याला कळला होता. पुढची दहा वर्षं सिनेमाने त्याला गुंड, दलाल, पोलीस, कमिशनर केलं. सज्जन करावं असं फारसं कोणाला वाटलं नाही. रेडिओवर जो कोणीही होऊ शकत होता, तो पडद्यावर एकाच मापाचा माणूस झाला.

आता १९५५ ते १९६१ या सहा वर्षांकडे या. माझ्या लेखी या चरित्राचा गाभा इथे आहे, आणि पुस्तकातही सर्वांत लांब प्रकरण त्याचंच झालं. टेलिव्हिजनवर आर्नेसचा डिलन देशातला सर्वांत लोकप्रिय नायक होत होता आणि तरीही रेडिओवरची 'गनस्मोक' चालूच होती. दोन डिलन, दोन डॉज सिटी, एकच सीबीएस. रेडिओच्या श्रोत्यांना आता चेहरा आयता मिळाला होता, आणि तो दुसऱ्याचा होता. कॉनराड माइकसमोर उभा राहून बोलायचा आणि घराघरांत त्याच्या शब्दांवर आर्नेसचे ओठ हलायचे. हे करताना त्याचं काम ढिलं पडलं असेल असं वाटतं, म्हणून मी त्या वर्षांचे भाग मुद्दाम सलग ऐकले. काम उलट आणखी घट्ट झालंय. १९५७-५८चा डिलन पहिल्या वर्षीच्या डिलनपेक्षा कमी बोलतो, आणि जास्त कळतो. १८ जून १९६१ला शेवटचा भाग झाला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस 'सस्पेन्स'ही संपली, आणि अमेरिकेतलं रेडिओ नाटकांचं ते युग मिटलं.

सोबत्यांचं काय झालं? पार्ली बेअर आणि हॉवर्ड मॅकनिअर, म्हणजे चेस्टर आणि डॉक्टर, दोघेही 'अँडी ग्रिफिथ शो'मधल्या मेबेरी गावात जाऊन पोहोचले. बेअर तिथला चिडका मेयर आणि मॅकनिअर न्हावी फ्लॉइड. मॅकनिअरला मध्येच पक्षाघाताचा झटका आला. मालिकेने त्याला परत बोलावून घेतलं, आणि तो शक्यतो बसलेलाच दिसेल अशी दृश्यं रचली. १९४९ साली पसंत पडलेला तो हॉवर्ड कल्व्हरही टेलिव्हिजनच्या 'गनस्मोक'मध्ये पोहोचला. हॉटेलच्या काउंटरमागचा कारकून म्हणून. मार्शल होता होता राहिलेला माणूस मार्शलच्या गावात वर्षानुवर्षं खोल्यांच्या किल्ल्या देत उभा. कॉनराडनेही तिथे जाऊन मालिकेचे भाग दिग्दर्शित केले. डिलनने कुठे थांबायचं आणि कुठे वळायचं, हे त्याने आर्नेसला कोणत्या आवाजात सांगितलं असेल, या विचाराने माझी एक-दोन रात्रींची झोप गेली आहे.

साठचं दशक त्याने कॅमेऱ्यामागे काढलं. वॉर्नर ब्रदर्ससाठी १९६५ या एकाच वर्षात तीन थरारपट दिग्दर्शित केले. त्यांतला 'ब्रेनस्टॉर्म' आवर्जून पाहण्यासारखा, इतर दोन पाहिले नाहीत तरी चालेल. स्टुडिओचे मालक जॅक वॉर्नर यांनी 'द माल्टीज फाल्कन' या चित्रपटातला तो प्रसिद्ध काळा ससाणा त्याला भेट दिला. शिशाचा, वीस किलोचा. कॉनराडने तो वर्षानुवर्षं घरी शेल्फवर ठेवून दिला. त्याच्या मृत्यूनंतर १९९४ अखेरीस क्रिस्टीजच्या लिलावात त्याला ३,९८,५०० डॉलर मिळाले. आयुष्यभर हवेत विरणाऱ्या गोष्टी करणाऱ्या माणसाच्या घरात सगळ्यांत मोलाची वस्तू ही निघावी, ज्या वस्तूसाठी चित्रपटातली माणसं एकमेकांचे जीव घेतात पण जी अखेर खोटी ठरते!

याच काळात टेलिव्हिजनला त्याचा आवाज मात्र हवाच होता. १९५९ पासून रॉकी नावाची उडती खार आणि बुलविंकल नावाचा मूज यांच्या व्यंगचित्र मालिकेचं निवेदन त्याच्याकडे आलं. तिथे तो तारस्वरात, धापा टाकत, आता काय होणार म्हणून घाबऱ्याघुबऱ्या बोलतो. डिलन ऐकलेल्याला ओळखू येणार नाही. त्याच मालिकेत खलनायक बोरिसचा आवाज होता पॉल फ्रीसचा. 'एस्केप'मध्ये श्रोत्यांच्या अंगावर काटा आणणारे दोघे इथे शेजारी उभे राहून पोरांना हसवत होते. मग १९६३ पासून 'द फ्युजिटिव्ह'. खोट्या आरोपावरून पळत राहणाऱ्या डॉक्टर किंबलची ती चार वर्षांची धावपळ कॉनराडच्या आवाजाने बांधलेली आहे. १९६७च्या ऑगस्टमधला तिचा शेवटचा भाग सुमारे ७ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला असं सांगतात. त्यांतल्या किती जणांना हा आवाज कोणाचा ते ठाऊक होतं?

'द फ्युजिटिव्ह'चे निर्माते क्विन मार्टिन. त्यांनीच १९७१ साली कॉनराडला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. 'कॅनन' हा लॉस एंजेलिसचा खासगी गुप्तहेर. लठ्ठ, टकलू, मिशाळ, खाण्याचा दर्दी, भल्याथोरल्या लिंकन कॉन्टिनेन्टलमधून फिरणारा आणि गाडीत टेलिफोन बाळगणारा. तो पळतो तेव्हा धापा टाकतो, भिंत चढताना अडकतो, गुंडांना पोटाने ढकलतो. सोळा वर्षांपूर्वी जे शरीर नायकाचं नाही म्हणून नाकारलं, तेच आता मालिकेचं भांडवल झालं. आणि वाहिनी कोणती? सीबीएसच. १९७१च्या हंगामात सोमवारी रात्री आर्नेसची 'गनस्मोक' आणि मंगळवारी कॉनराडची 'कॅनन'. पाच वर्षं चालली.

याला न्याय म्हणण्याचा मोह होतो आणि बऱ्याच लेखकांना तो आवरलेला नाही. मला तो पटत नाही. 'कॅनन' चांगली मालिका आहे. कॉनराड तिच्यात सहज आहे, प्रसन्न आहे. पण सत्तरच्या दशकात लोकांना वेगळ्या घाटाचे गुप्तहेर हवे होते: कोणी चाकाच्या खुर्चीतला, कोणी मळक्या रेनकोटातला. लठ्ठपणा हे त्या बाजारातलं एक नवं लेबल होतं. शरीर स्वीकारलं गेलं ते विनोदासकट. १९८७ साली आलेल्या मालिकेचं तर नावच 'जेक अँड द फॅटमॅन'. त्यातला सरकारी वकील मॅकेब बुलडॉग पाळतो, खुर्चीतून उठायची टाळाटाळ करतो आणि सत्तरीकडे झुकलेला कॉनराड त्याच्या तोंडी नुसता घसा खाकरून न्यायालय गप्प करतो. पाच वर्षं तीही चालली. फेब्रुवारी १९९४मध्ये तो गेला. रेडिओच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागायला आणखी तीन वर्षं गेली.

मधली एक लहानशी नोंद मी प्रस्तावनेसाठी राखून ठेवली होती. पुस्तकात तिला जागा सापडली नाही. 'लोन रेंजर' हा बुरखाधारी घोडेस्वार १९३३ साली डेट्रॉइटच्या रेडिओवर जन्मला. ब्रेस बीमर हा नट रेडिओवर वर्षानुवर्षं त्याचा आवाज होता, आणि १९४९ साली टेलिव्हिजनची मालिका आली तेव्हा ती भूमिका मिळाली क्लेटन मूरला. म्हणजे तीच कथा, कॉनराडच्या सहा वर्षं आधी. १९८० साली शनिवारच्या सकाळी मुलांसाठी त्याच लोन रेंजरची व्यंगचित्र मालिका निघाली. चित्रातला नायक सडपातळ, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या घोड्यावर ताठ बसलेला. आवाज साठीला टेकलेल्या कॉनराडचा. तोवर अमेरिकेत त्याचा चेहरा ओळखत नाही असं माणूस मिळणं कठीण होतं, आणि श्रेयनामावलीत नाव मात्र दिसतं जे. डारनॉक. रोमन लिपीत लिहून उलट वाचा.